विश्लेषण : कॅम्पर व्हॅन, पिकअप कॅम्पर की ट्रेलर? कुटुंबासाठी ‘चाकावरचे घर’ निवडताना काय पाहावे?

जोडून सुट्या आल्या, की कोकणातली आणि महाबळेश्वरची हॉटेले आधीच भरलेली असतात. खोली मिळाली तरी दर दुप्पट झालेले असतात. सोबत लहान मूल किंवा वयस्कर आई-बाबा असतील तर वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळेल ही चिंता असतेच. त्यामुळे हिंजवडी, माण, मारुंजी परिसरातल्या आयटी कुटुंबांमध्ये ‘कॅम्पर’ घ्यावा का, ही चर्चा आता केवळ हौशी उरलेली नाही. मात्र व्हिडिओत दिसणारी सुंदर गाडी आणि आरटीओ, सोसायटी, घाट, पाऊस या सगळ्यांतून पार पडणारी गाडी यांत बरेच अंतर असते. हा निर्णय चुकला तर लाखो रुपये तर अडकतातच, शिवाय विम्याचा दावा आणि कुटुंबाचा जीवही धोक्यात येऊ शकतो.

तीन प्रकारांत नेमका फरक काय?

कॅम्पर व्हॅन किंवा मोटार कॅराव्हॅन म्हणजे इंजिन आणि राहण्याची जागा एकाच गाडीत. आपल्याकडे यासाठी बहुतेक वेळा टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीचा सांगाडा वापरला जातो. ही गाडी बनवणाऱ्या फोर्स मोटर्सचे मुख्यालय हिंजवडीपासून जवळच, आकुर्डीत आहे. पूर्वी बजाज टेम्पो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीने २००५ मध्ये नाव बदलले. लोकांच्या तोंडी ‘टेम्पो’ मात्र राहिला.

पिकअप कॅम्पर म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात बसवलेली छोटी खोली. अमेरिकेतल्या भल्यामोठ्या पिकअपमुळे हा प्रकार तिकडे रुजला. तिथे मुक्कामी पोहोचल्यावर खोली पायांवर उभी करायची आणि पिकअप मोकळी करून फिरायला न्यायची, अशी सोय असते. महाराष्ट्रात ‘कॅम्पर’ म्हटले की अनेकांना बोलेरो कॅम्पर आठवते. ती दोन रांगांच्या आसनांची मालवाहू पिकअप आहे. तिच्यात झोपायची सोय नसते. जुनी गाडी शोधताना हा नावाचा घोळ लक्षात ठेवावा.

ट्रेलर किंवा ओढायची कॅराव्हॅन म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेली, मोटारीच्या मागे जोडायची खोली. युरोपात कुटुंबे सुटीला निघताना हीच जोडून नेतात, कारण तिथे ठिकठिकाणी वीज-पाण्याची जोडणी असलेली कॅम्पसाइट असते. ट्रेलर तिथे सोडायचा आणि मोटारीने भटकायचे. आपल्याकडे याच्याशी सर्वांत जवळचे उदाहरण आषाढी वारीतले. दिंडीचा ट्रक तंबू, भांडीकुंडी, शिधा घेऊन पुढे मुक्कामाला जातो, टँकर वेगळा असतो आणि माणसे मोकळी चालतात. सामान एका जागी थांबणार असेल, तरच हा प्रकार सोयीचा. रोज मुक्काम हलवायचा असेल तर जोडणे-सोडणे यातच वेळ जातो.

पहिला प्रश्न : गाडी उभी कुठे करणार?

वर्षातले बहुतांश दिवस कॅम्पर प्रवासात नसतो. तो उभा असतो. त्यामुळे निवड शोरूममध्ये नव्हे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरू होते. सोसायट्यांमध्ये एका मोटारीला मिळणारी जागा साधारण अडीच बाय पाच मीटर असते. ट्रॅव्हलरवर बांधलेली व्हॅन यापेक्षा लांब असते आणि तिची उंची अडीच मीटरच्या वर जाते. छतावर एसी किंवा सोलर पॅनेल बसवले की आणखी भर पडते. पोडियम किंवा तळघरातल्या पार्किंगच्या प्रवेशाशी लिहिलेली उंची आणि आतल्या पाइपांची प्रत्यक्ष उंची दोन्ही टेपने मोजावीत.

ट्रेलर म्हणजे सोसायटीच्या लेखी दुसरे वाहन. त्याला वेगळी जागा लागते, ती मिळवण्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी लागते. शिवाय ट्रेलर मागे घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. स्टेअरिंग ज्या बाजूला वळवू त्याच्या उलट दिशेला ट्रेलरची शेपटी जाते. अरुंद रॅम्पवर हे शिकण्याची सोय नाही. माण-मारुंजी पट्ट्यात मोकळी जागा भाड्याने घेता येते, पण ते भाडे, तिथली राखण आणि दर वेळी गाडी आणायला जाण्याचा वेळ हा खर्चाचाच भाग धरायला हवा.

किती झोपतील यापेक्षा किती बसतील?

जाहिरातीत ‘चार जणांची झोपायची सोय’ ठळक असते. कुटुंबासाठी त्याहून महत्त्वाचा आकडा आहे पट्ट्यासह असलेल्या, प्रवासाच्या दिशेला तोंड करणाऱ्या आसनांचा. अनेक मांडण्यांत आडवी बाके असतात. ती रात्री पलंग होतात, पण घाटात ब्रेक लागला की तिथे बसलेले मूल फेकले जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण प्रश्न दंडाचा नाही. धावत्या गाडीत मागे पलंगावर मुले झोपवून नेणे ही कॅम्परच्या बाबतीत सर्वांत सहज घडणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

ट्रेलरमध्ये चालू प्रवासात कोणीही बसता कामा नये, सगळे मोटारीतच. पिकअप कॅम्परच्या खोलीलाही हाच नियम लावावा. म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला पिकअप कॅम्पर घ्यायचा तर दोन रांगांची पिकअप हवी आणि तशा पिकअपचा हौदा आखूड असल्याने खोली लहान होते. आजी-आजोबा येणार असतील तर पायरीची उंची, वरच्या पलंगावर चढण्याची शिडी आणि रात्री स्वच्छतागृहापर्यंत जाण्याची वाट हे प्रत्यक्ष चढून-उतरून पाहावे.

वजनाचा हिशेब का करायचा?

आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन आणि कमाल भारित वजन असे दोन आकडे असतात. त्यांतला फरक म्हणजे माणसे आणि सामान यांच्यासाठी उरलेली मर्यादा. चौघांचे कुटुंब साधारण १९० किलो धरले, पाण्याची ८० लिटरची टाकी म्हणजे ८० किलो, बॅटरी २५ ते ५० किलो आणि अंथरूण-पांघरूण, शिधा, कपडे, शेगडी मिळून आणखी ८० किलो, तर बेरीज ३७५ ते ४०० किलोवर जाते. पिकअप कॅम्परमध्ये यात खोलीचे स्वतःचे काहीशे किलो वजन मिळवावे लागते. आपल्याकडच्या खासगी वापराच्या पिकअप इथेच अडतात. हौदा मोठा दिसला तरी भारक्षमता संपलेली असते.

ट्रेलरचा प्रश्न वेगळा. मोटार तो ओढू शकेल की नाही हे इंजिनाच्या ताकदीवर नव्हे, तर कंपनीने ठरवलेल्या ओढण्याच्या क्षमतेवर अवलंबून असते. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक मोटारींच्या माहितीपुस्तिकेत हा आकडा नसतो. तो नसेल तर कंपनीकडून लेखी घ्यावा. गॅरेजवाल्याच्या ‘आरामात ओढेल’ या शब्दावर विसंबू नये. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का, हा त्यापुढचा प्रश्न. ताम्हिणी किंवा खंडाळ्याच्या उतारावर बिनब्रेकचा ट्रेलर मोटारीला मागून ढकलत राहतो. जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या जवळ, किंचित पुढे ठेवावे. ते मागच्या टोकाला गेले की ट्रेलर वेगात डुलू लागतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाब स्पष्ट केली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२-अ अन्वये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे जुनी प्रवासी गाडी घ्यायची, आसने काढायची, फर्निचर ठोकायचे आणि गॅस जोडायचा, हा ‘स्वस्त’ मार्ग कायद्याला धरून नाही. अपघात झाला आणि आरसीत नसलेला बदल समोर आला, तर विमा कंपनीशी वाद होणार हे गृहीत धरावे.

वैध मार्ग उपलब्ध आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. वाहनांची चाचणी आणि प्रमाणन करणारी ‘एआरएआय’ ही संस्था पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. त्यामुळे बांधणाऱ्याला पहिला प्रश्न लाकूडकाम किंवा गादीबद्दल नव्हे, तर मान्यतेच्या प्रमाणपत्राबद्दल विचारावा. सांगाडा एकाचा आणि बॉडी दुसऱ्याची असेल तर बॉडी बांधणाऱ्याचा भाग भरलेला फॉर्म २२-ए नोंदणीसाठी लागतो. तो द्यायला टाळाटाळ होत असेल तर आगाऊ रक्कम देऊ नये.

वाहन नोंदणीच्या ‘वाहन’ प्रणालीत ‘कॅम्पर व्हॅन/ट्रेलर’ असा वर्ग आहे आणि त्याचाच खासगी वापराचा वेगळा वर्गही आहे. स्वतःच्या कुटुंबासाठी घ्यायची गाडी खासगी वर्गात, पांढऱ्या पाटीवर नोंदवली जाते. ती मित्रांना किंवा इतरांना भाड्याने देऊन हप्ता फेडण्याचा विचार असेल तर हा वर्ग चालणार नाही; व्यावसायिक नोंदणी, परवाना आणि फिटनेस प्रमाणपत्र लागते. ट्रेलरचीही स्वतःची नोंदणी आणि विमा असतो. कोणत्या वर्गाला किती कर लागेल, हे खरेदीआधीच आरटीओतून विचारून घ्यावे. टोलनाक्यावरही श्रेणी मोटारीची न राहता वरची लागू शकते. फास्टॅग नव्या नोंदणीशी जुळणारा घ्यावा.

नेहमीचा परवाना चालतो का?

चालतो, पण मर्यादेत. हलक्या मोटार वाहनाची मर्यादा ७,५०० किलो आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी, एलएमव्ही परवानाधारक ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे परिवहन वाहनही चालवू शकतो, असा निर्णय दिला. ट्रॅव्हलरवर बांधलेल्या बहुतेक व्हॅन या मर्यादेत बसतात; मोठ्या बसच्या सांगाड्यावरच्या नाहीत. कायद्याने मुभा असली तरी हॅचबॅक चालवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सहा-सात मीटरची गाडी वरंधा घाटात घालू नये. आधी एका रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर वळणे, मागे घेणे आणि ब्रेकचे अंतर यांचा सराव करावा.

रात्री मुक्काम कुठे करता येतो?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. पर्यटनस्थळांजवळ स्वतःच्या किंवा भाड्याच्या जागेत पाणी, रस्ता, वीज या सुविधांसह कॅराव्हॅन पार्क उभारावेत आणि व्यावसायिक कॅराव्हॅनची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी व्हावी, असा त्याचा गाभा आहे. एक आणि दोन अॅक्सलच्या कॅराव्हॅन, तंबू ट्रेलर, घडीची कॅराव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलर हे प्रकार त्यात धरले आहेत. केरळने त्याच वर्षी ‘केराव्हॅन केरळ’ धोरण आणले. मात्र धोरण असणे आणि प्रत्येक घाटमाथ्यावर वीज-पाण्याची जोडणी मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवास आखताना पुढच्या मुक्कामाला फोन करून जागा, फाटकाची रुंदी आणि विजेचा सॉकेट विचारणे आवश्यक ठरते.

हिंजवडीकरांसाठी व्यवहार्य मुक्काम तीन प्रकारचे आहेत : एमटीडीसीच्या निवासस्थानांचे आवार, कृषी पर्यटन केंद्रे आणि परिचितांचे अंगण किंवा शेत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे आणि मुळशी, मावळ, भोर भागात अशी केंद्रे जवळ पडतात. पहिल्या चाचणीसाठी कार्ला किंवा पानशेत पुरे. काही विसरले तरी घरी परतता येते. वनजमिनीवर परवानगीशिवाय मुक्काम करू नये. समुद्रकिनाऱ्यावर गाडी उतरवू नये. भरतीच्या वेळी वाळूत रुतलेली जड व्हॅन काढायला ट्रॅक्टरही अपुरा पडतो.

मैल्याच्या आणि भांडी धुतलेल्या पाण्याच्या टाक्या कुठे रिकाम्या करायच्या, हेही निघण्याआधी ठरवावे. पवना धरणाकाठी उभ्या गाडीतून सोडलेले घाण पाणी अखेर ज्या धरणात जाते, त्याच धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवड पिते.

एसी आणि विजेचे गणित काय?

१२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारण २.४ युनिट वीज मावते. छोटा पंखा रात्रभर चालवायला ०.२ युनिट, १२ व्होल्टचा लहान फ्रीज दिवसभर चालवायला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते. दिवे आणि मोबाइल किरकोळ. म्हणजे एसीविना दोन दिवस सहज निघतात. एक टनाचा एसी तासाला जवळपास एक युनिट घेतो. तोच बॅटरी दोन-अडीच तासांत संपवतो. २०० वॉटचे सोलर पॅनेल निरभ्र दिवशी पाऊण-एक युनिट देईल, पावसाळ्यात फारच कमी. त्यामुळे ‘एसी असलेला कॅम्पर’ म्हणजे व्यवहारात ‘सॉकेट असलेल्या जागीच थांबणारा कॅम्पर’.

सॉकेट नाही म्हणून इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून बंद गाडीत झोपणे जीवघेणे ठरू शकते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत आढळले. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे तपासात पुढे आले. या वायूला वास नसतो आणि झोपलेल्याला जागही येत नाही. म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, धुराचा अलार्म, अग्निशामक आणि आतून उघडणारा दुसरा मार्ग या चार गोष्टींशिवाय गाडी घेऊ नये, भाड्यानेही नाही. शक्यतो स्वयंपाक बाहेर, छपराच्या कापडाखाली करावा. आत शेगडी असेल तर सिलिंडरचा कप्पा राहण्याच्या जागेपासून बंदिस्त आणि खाली हवा जाण्याची वाट असलेला हवा, कारण गळालेला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो.

पावसाळ्यात काय होते?

सह्याद्रीच्या पावसात कॅम्परची खरी परीक्षा होते. छताचे सांधे, खिडक्यांचे रबर आणि एसीसाठी पाडलेले भोक इथून पाणी झिरपते. प्लायवूड फुगते आणि गाद्यांना बुरशी लागते. जुनी गाडी पाहायची तर पावसाळ्यात किंवा लगेच नंतर पाहावी. कोपऱ्यातले पॅनेल बोटाने दाबून बघावे, गाद्या उचलून वास घ्यावा. दरडींमुळे घाटरस्ते मोठ्या वाहनांसाठी बंद होतात आणि पावसाळ्यात धरणे-धबधब्यांच्या परिसरात प्रशासन मनाई आदेश काढते. म्हणजे वर्षातले तीन-चार महिने वापर कमी होणार, हे धरूनच खरेदीचा विचार करावा.

विकत घ्यावा की भाड्याने?

इथे एक साधा भागाकार उपयोगी पडतो. उदाहरणादाखल गाडी २५ लाखांची आणि वापर दहा वर्षांचा धरू. वर्षाला २० रात्री वापरली तर २०० रात्री होतात, म्हणजे प्रत्येक रात्र साडेबारा हजारांची. वर्षाला ६० रात्री वापरली तर तोच आकडा सव्वाचार हजारांच्या खाली येतो. पुनर्विक्रीतून काही रक्कम परत मिळेल. पण व्याज, विमा, पार्किंग, टायर आणि डिझेल वेगळे. मुलांच्या शाळा आणि आईवडिलांच्या रजा पाहता ६० रात्री जमणारी कुटुंबे थोडी. गेल्या वर्षी घराबाहेर प्रत्यक्ष किती रात्री काढल्या, हे कॅलेंडर उघडून मोजले की उत्तर बरेच स्पष्ट होते.

भाड्याने घेतानाही पाटी पाहावी. चालकासह मिळणाऱ्या गाडीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरे, स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली तर अपघातानंतर विम्याचे संरक्षण मिळेलच असे नाही.

मग कोणी काय निवडावे?

दोन मुले आणि आजी-आजोबांसह दर मुक्काम बदलत फिरणाऱ्या कुटुंबाला प्रमाणित कॅम्पर व्हॅन सर्वांत सोयीची, पण तिच्यासाठी उघड्यावरचे हक्काचे पार्किंग हवे. एकाच ठिकाणी आठ-दहा दिवस राहणाऱ्या, गावाकडे अंगण किंवा शेत असलेल्या कुटुंबाला ट्रेलर परवडतो. तो गावीच ठेवता येतो. पिकअप कॅम्पर हा दोघांच्या, खडबडीत वाटा धुंडाळणाऱ्या प्रवासासाठी ठीक. पाच जणांच्या कुटुंबासाठी त्याची भारक्षमता आणि आसने दोन्ही अपुरी पडतात. वर्षाला वीसपेक्षा कमी रात्री फिरणाऱ्यांनी आहे त्या मोटारीच्या डिकीत बसणारा तंबू, घडीच्या खुर्च्या, छोटी शेगडी आणि पाण्याचा कॅन एवढे सुटे सामान घ्यावे आणि वर्षातून एकदा व्हॅन भाड्याने आणावी. गाडीच्या रचनेत काहीच बदलत नसल्याने कलम ५२ चा प्रश्नही येत नाही.

खरेदीचे नक्की झालेच, तर आगाऊ रक्कम देण्याआधी पाच गोष्टी हातात असाव्यात : मान्यतेचे प्रमाणपत्र, आरसीवर येणारा वर्ग आणि आसनसंख्या, दोन्ही वजनांचे आकडे, सोसायटीची पार्किंगला लेखी संमती आणि त्याच प्रकारच्या भाड्याच्या गाडीत संपूर्ण कुटुंबाने काढलेल्या किमान दोन रात्रींचा अनुभव. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा तीच निर्णय बदलते.